‘नाइस’ने शिकवलेले धडे

अनुवाद करताना अवघड शब्द फारसे छळत नाहीत. ते अडवतात, आपण कोश उघडतो, काम होतं. चकवतात ते रोजच्या बोलण्यातले शब्द, कारण त्यांच्यासाठी कोश उघडावासा वाटतच नाही. इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते ‘नाइस’ या चिमुकल्या शब्दानं.

१. ओळखीच्या शब्दाची चौकशी आधी करावी.
‘नाइस’चं मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’. ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्किरे’ म्हणजे जाणणं, म्हणजे अजाण. जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, बावळट. चौदाव्या शतकातल्या चॉसरनंही तो याच अर्थानं वापरलाय.

२. अर्थ एका उडीत बदलत नाही.
मूर्खपासून छानपर्यंत पोचायला या शब्दाला साडेचारशेहून अधिक वर्षं लागली. वाटेत त्याचे अर्थ झाले लाजरा, नाजूक, नखरेल, चोखंदळ, काटेकोर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सुखद, छान’ हा अर्थ रुळू लागला. दोन टोकं पाहिली तर चक्रावायला होतं. मधले अर्थ ओळीनं मांडले की चोखंदळ माणसाची पसंती ‘छान’ ठरावी, यात नवल वाटत नाही.

३. पुस्तकाचं साल पाहिल्याशिवाय अर्थ ठरवू नये.
सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात ‘नाइस’ म्हणजे बारीकसारीक गोष्टींत अचूक. त्या काळच्या लेखकानं एखाद्याच्या ‘नाइस जजमेंट’चं कौतुक केलं असेल, तर ‘छान निर्णय’ लिहून भागणार नाही. तिथे ‘सूक्ष्म विवेक’च हवा. जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त तर जुनी-नवी भाषा समोरासमोर येते. कॅथरीन एका पुस्तकाला सहज ‘नाइस’ म्हणते आणि हेन्री टिल्नी तिची फिरकी घेतो: आता काय, सगळंच नाइस! कादंबरी १८१७च्या अखेरीस, लेखिकेच्या निधनानंतर बाहेर आली. इथे दोन्ही ठिकाणी ‘छान’ लिहिलं तरी चालतं, पण हेन्रीला नेमकं काय खटकतंय हे मराठी वाचकाला कळायला हवं.

४. जुना अर्थ एखादा कोपरा धरून राहतो.
‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे आजही बारीक भेद. वकिली आणि तात्त्विक लिखाणात हा प्रयोग भेटला की मी थबकते.

५. दिसण्यावरून नातं जोडू नये, तोडूही नये.
‘सायन्स’ आणि ‘कॉन्शन्स’ हेही ‘स्किरे’चेच वंशज. म्हणजे अजाण आणि विज्ञान एकाच घरातले! उलट फ्रान्समधल्या नीस शहराचं स्पेलिंग हुबेहूब तेच, पण त्याचं मूळ ग्रीक ‘नीके’, म्हणजे विजय. या दोघांचा काडीचाही संबंध नाही.

६. मूळ सांगून आजच्या माणसाला दुरुस्त करू नये.
व्युत्पत्ती नव्यानं कळली की काहींना वाटतं, आपल्याला शब्दाचा ‘खरा’ अर्थ सापडला. त्या न्यायानं ‘नाइस’ ही शिवी ठरेल आणि ‘सिली’ हा गौरव, कारण ‘सिली’चा जुना अर्थ सुखी, धन्य. मराठीत तरी आपण हा न्याय कुठे लावतो? संस्कृतातली ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण, आपली शिक्षा म्हणजे दंड. ‘राजीनामा’ शब्दशः संमतीपत्र. आपल्याकडे तो देऊन माणूस खुर्ची सोडतो. या अर्थांवर कुणी भांडत नाही, भांडूही नये. कालचं पान वाचायला मूळ उपयोगी पडतं. आजचा अर्थ आज बोलणारेच ठरवतात.

७. सैल शब्दाला मराठीत एकच जोडीदार देऊ नये.
आजचा ‘नाइस’ कशालाही चालतो. मराठीत चहा फक्कड होतो, हवा प्रसन्न असते, माणूस भला असतो, पोर गोड असते. सगळीकडे ‘छान’ लिहिलं तर चूक कुणी काढणार नाही, पण मजकूर बेचव होतो. म्हणून ‘नाइस’ दिसला की मी दोनच गोष्टी विचारते: केव्हाचा आणि कशाबद्दल? उत्तरं मिळाली की पुढचं वाक्य फारसं अडत नाही.