माशाची तहान

त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक शहरातून पूर्वेकडे वाहत जाते. नाशिक जिल्ह्यातील जलाशयांत मासेमार जाळी टाकतात, तेव्हा त्यांत रोहू, कटला, मरळ असे मासे सापडतात. रोहू व कटला हे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे. त्यांचे बीज मुद्दाम आणून येथे सोडतात. बाजारात याच माशांच्या शेजारी समुद्रातून आलेले बांगडे आणि पापलेटही मांडलेले असतात. दोघांनाही कल्ले आहेत, पर आहेत, शेपटी आहे. तरीपण जिवंत बांगडा जलाशयात सोडला किंवा रोहू समुद्रात सोडला, तर तो फार काळ जगणार नाही. पाण्यातील प्राण्याला पाण्यानेच मरण यावे, हे कसे?

याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. उलट, नाशिककडचे बेदाणे साध्या पाण्यात भिजत घातले, तर ते पाणी शोषून टपोरे होतात. विरघळलेले पदार्थ ज्या बाजूला अधिक, त्या बाजूकडे पाणी पातळ पडद्यातून ओढले जाते.

माशाचे कल्ले हा असाच एक पातळ पडदा होय. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बहुतेक माशांच्या रक्तात त्याच्या सुमारे एकतृतीयांश, आणि नदीच्या पाण्यात तर अगदीच अल्प. म्हणून नदीतील मासा हा भिजत घातलेल्या बेदाण्यासारखा असतो. पाणी त्याच्या अंगात सारखे शिरत राहते. त्याला तहान अशी लागतच नाही. शिरलेले पाणी पातळ मूत्रावाटे बाहेर टाकणे, हेच त्याच्या मूत्रपिंडांचे मोठे काम. त्यासोबत थोडे क्षारही वाहून जातात. ते भरून काढण्यासाठी त्याचे कल्ले नदीच्या पाण्यातून कणकण मीठ वेचून घेतात.

समुद्रातील माशाची गत मीठ लावलेल्या काकडीसारखी. अथाह पाण्यात राहूनही त्याचे अंग सुकू पाहते, म्हणून तो समुद्राचे खारे पाणीच पितो! १९३० साली अमेरिकन शास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी माशांच्या पाण्यात एक रंगद्रव्य मिसळले. पुढे ते माशांच्या आतड्यांत साठलेले आढळले, आणि मासे पाणी पितात हे सिद्ध झाले. पाण्याबरोबर पोटात गेलेले जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशी बाहेर टाकतात. मूत्र मात्र हा मासा फार थोडे करतो. मुशीची युक्ती आणखी निराळी. ती आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवते. त्यामुळे तिच्या अंगातील पाणी समुद्राकडे ओढले जात नाही.

काही थोडे मासे मात्र दोन्ही पाण्यांत नांदतात. हिल्सा हा त्यांपैकी एक. बंगाली लोक त्याला इलिश म्हणतात, तर तेलुगु लोक पुलस. नाशिकची गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाळ्यात नदीला पूर आला की हिल्सा समुद्र सोडून तिच्या प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोड्या पाण्यात अंडी घालतो. या प्रवासात त्याच्या शरीराचा सारा कारभार उलटतो. मीठ बाहेर टाकणारे कल्ले मीठ आत घेऊ लागतात, पाणी जपणारी मूत्रपिंडे ते सढळ हाताने सोडू लागतात. पिले मोठी झाली की नदीतून समुद्राकडे जातात, तेव्हा हाच बदल पुन्हा उलट्या क्रमाने घडतो.

क्षारांचा हा अवघड पालट साधणाऱ्या माशाला अडवले ते दगडी भिंतीने. राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरम येथे इंग्रज अभियंता आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली गोदावरीवर बंधारा बांधला गेला आणि १८५२ मध्ये तो पुरा झाला. त्याच्या पाण्याने गोदावरीच्या मुखाकडील प्रदेश भातशेतीने हिरवागार झाला. हिल्साची वरची वाट मात्र बंद झाली. आज तेथे नवा बंधारा उभा आहे. पावसाळ्यात ब्रह्मगिरीवर पडलेले पाणी त्याच्या दारांतून खाली येते, आणि समुद्रातून आलेले हिल्सा त्या पाण्याच्या ओढीने बंधाऱ्यापर्यंत येऊन थांबतात.