पुढचा ब्रेक ओरडतो त्याबद्दल

तुंगार्ली, लोणावळा

चि. राणी,

फोनवर तू विचारलंस, "मामा, पुढचा ब्रेक दाबला की चीं चीं करतो, काय करू?" आणि मी म्हणालो, लिहून पाठवतो. ऐकलेलं गाडीजवळ जाऊन बसेपर्यंत अर्धं उडून जातं आणि उरलेलं उलट्या क्रमाने आठवतं. ब्रेकच्या कामात क्रम चुकलेला चालत नाही. म्हणून हा कागद शेजारी ठेव आणि मगच पान्ह्याला हात लाव.

आधी एक ताकीद. तुझ्या कंपनीतल्या मित्राने डिस्कवर स्प्रे मारायचा सल्ला दिलाय, तो अजिबात ऐकायचा नाही. गंज सोडवायचा स्प्रे असो, चेनचा असो किंवा गाडी चमकवायचं पॉलिश असो, ते डिस्कवर पडलं की आवाज जातो हे खरं आहे. त्याबरोबर ब्रेकही जातो. पॅडने एकदा तेल शोषलं की ते पुरतं निघत नाही. पॉलिश पेपरने घासलास, उन्हात वाळवलास, तरी गरम झाला की आतलं तेल पुन्हा वर येतं. तसला पॅड फेकूनच द्यायचा. आवाज गप्प करायला अक्कल लागत नाही गं, तो कुठून येतो हे शोधायला लागते. आणि ते शोधता शोधता पॅड बदलायचं निम्मं काम होऊन जातं.

आवाज येतो कसा, ते समजून घे. पॅड डिस्कवर घासताना क्षणाक्षणाला धरतो आणि सुटतो. ही थरथर फार वेगात व्हायला लागली की तिचीच शिट्टी वाजते. पॅड आपल्या जागी नीट बसलेला असेल, पॅडना धरणारा कॅलिपर त्याच्या पिनांवर मोकळा सरकत असेल, तर थरथर वाढत नाही. पॅडमागची पत्र्याची स्प्रिंग ढिली झाली, पिनांवरचं ग्रीस वाळलं, मधे चिखल बसला किंवा पॅडचं तोंड काचेसारखं गुळगुळीत झालं, की थरथरीला मोकळं रान. म्हणूनच हलका ब्रेक लावला की ओरडतो आणि जोरात दाबला की गप्प बसतो. तुझा तसाच करतो का, हे मला कळव.

मला संशय त्या रविवारचा आहे. आमच्याकडे आलीस आणि मैत्रिणीला घेऊन धरणाच्या बाजूने वर चढून राजमाचीला निघालीस. तुंगार्लीहून उधेवाडीकडे जाणारी ती वाट पावसाळ्यात वाट राहतच नाही, लाल चिखलाचा ओढा होतो. परत आलीस तेव्हा पुढच्या चाकाच्या आऱ्या दिसत नव्हत्या. तो चिखल बाहेरून धुतला गेला, कॅलिपरच्या पोटात तसाच वाळला असणार. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथल्या गाड्यांचे ब्रेक किलोमीटरवर मोजायचे नसतात, पावसाळ्यावर मोजायचे असतात. तळेगावात राहून तुला ते ध्यानात येणार नाही.

सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात आणि मग शांतता, हा मात्र आजार नव्हे. रात्रभर दमट हवेत डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो घासून गेला की संपलं. त्यासाठी गॅरेजवाल्याला पैसे देऊ नकोस. याच्या उलट, चीं चीं जाऊन घर्र घर्र सुरू झालं, लिव्हरमधून हाताला खडबड लागली, तर गाडी तिथेच थांबव. पॅडचा मसाला संपला आणि मागचा लोखंडी पत्रा डिस्क खातोय असा त्याचा अर्थ. पाचशे-सातशे रुपयांच्या पॅडपायी हजारोंची डिस्क जाते.

आता काम. गाडी मेन स्टँडवर घे, हँडल सरळ, खाली सपाट फरशी. बॅटरी लावून कॅलिपरच्या फटीतून बघ. पॅडच्या मसाल्यात एक खाच असते. खाच पुसली गेली असेल किंवा मसाला दोन मिलिमीटरच्या खाली आला असेल तर बदलायचा. एक मिलिमीटर ही हद्द, तिथवर वाट बघायची नाही. पॅड शाबूत दिसला तरी खोल, साफ कर. निम्म्या वेळा नुसत्या सफाईने आवाज जातो.

कॅलिपर डिस्कवर असतानाच पॅडची पिन अर्धा आटा ढिली कर. कॅलिपर हातात आल्यावर ती सुटत नाही, पान्हा निसटून बोटं मात्र सोलतात. मग कॅलिपरचे दोन्ही बोल्ट काढ आणि तो डिस्कवरून ओढून घे. त्याला पाइपवर लोंबकळत ठेवू नकोस, सुतळीने फोर्कला बांध. पॅड काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ. स्प्रिंग कुठल्या तोंडाने बसली होती हे नंतर हमखास विसरायला होतं. आणि पॅड बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबायचा नाही. शेजारचं एखादं पोर कौतुकाने येऊन दाबतं आणि पिस्टन बाहेर पडतो, मग ब्रेक ऑइल सगळं फरशीवर.

सफाईला साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. ब्रेक क्लीनरचा डबा मिळाला तर आणखी बरं. पेट्रोल, रॉकेल, डिझेल जवळ आणायचं नाही, त्याने आतली रबरी सीलं फुगतात. सुकी धूळ तोंडाने फुंकू नकोस, नाकात जाते. पिस्टनचा बाहेर आलेला भाग चकचकीत होईपर्यंत घास, चारी बाजूंनी. हे न करता पिस्टन आत ढकलला तर तोच चिखल सीलमधून आत जाईल, मग पिस्टन अडकेल. पिस्टन अडकला की पॅड डिस्कला चिकटून राहतो, गाडी जड चालते, डिस्क तापते आणि आवाज पुन्हा हजर.

पिस्टन ढकलायला जुना पॅड आडवा धरून अंगठ्यांनी दाब, स्क्रू ड्रायव्हरने रेटू नकोस. त्याआधी हँडलवरच्या डबीचं झाकण पुसून उघड. पिस्टन आत गेला की डबीतलं ऑइल वर चढतं. भरून वाहिलं आणि टाकीवर सांडलं तर रंग उतरतो, लगेच पाण्याने धू. अंगठ्यांनी पिस्टन हलतच नसेल तर तिथे थांब आणि गॅरेजमध्ये ने. जोर लावायची ती जागा नाही.

ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या बाहेर काढून पूस, सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठी मिळणारं उष्णता सोसणारं ग्रीस पातळ लाव आणि रबरी टोप्या नीट बसव. पॅडच्या पत्र्याच्या पाठीवर, जिथे पिस्टन टेकतो तिथे, बोटाने जेमतेम दिसेल इतकंच. मसाल्याच्या तोंडाला ग्रीसच काय, तुझं तेलकट बोटही लागता कामा नये. जुने पॅडच परत घालणार असशील तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर आठाच्या आकड्यात फिरव, चकाकी गेली की पुरे. डिस्कवर नख फिरवून बघ. कडेला उंच ओठ आला असेल तर जाडी मोजून घे, कमीत कमी किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं.

बोल्ट किती घट्ट करायचे त्याचा आकडा गाडीच्या पुस्तकात आहे, अंदाजाने आवळू नकोस. सगळं बसलं की लिव्हर हळूहळू पंप कर, तो टणक लागेपर्यंत. नवे पॅड बसवल्यावर पहिल्या दाबात लिव्हर रिकामा जातो, आणि लोक तशीच गाडी काढून गेटवर आदळतात. मग डबीतलं ऑइल खुणेपर्यंत आहे का बघ आणि चाक हाताने फिरवून बघ.

नवे पॅड मागताना दुकानदाराला गाडीचं मॉडेल आणि साल सांग. मऊ पॅड कमी ओरडतात, पण चिखलपाण्यात लवकर झिजतात. धातूचा चुरा असलेले टिकतात आणि ओल्या डिस्कवर चांगले धरतात, थोडा आवाज मात्र करतात. तू पावसाळ्यातही वर येणार असशील तर माझं मत दुसऱ्याला. थोडी कुरकुर सहन कर.

तू दिवाळीत मैत्रिणीला घेऊन घाटाने उतरून पेणमार्गे अलिबागला जायचं म्हणतेस, म्हणून हे जास्तीचं लिहितो. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, म्हणजे खंडाळ्यावरून जुन्या रस्त्याने शिंग्रोबाच्या देवळाकडे उतरणार. लोणावळा ते खोपोली साडेपाचशे मीटरचा उतार, गाडी आणि तुम्ही दोघी मिळून अडीचशे किलोच्या पुढे. एवढं वजन ब्रेकवर झेलत उतरलीस तर उष्णता पॅडमधून ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ४ चं ताजं ऑइल २३० अंशाला उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग दीडशेच्या आसपासच उकळायला लागतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हातात पोकळ येतो. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, काळपट झालं असेल तर त्याआधीच. याच बोर घाटातून १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली, चढ सदतिसात एक. तिथे ब्रेक निकामी झालेली गाडी वळवून चढावर थांबवायला रेल्वेने मुद्दाम वेगळे रूळ टाकून ठेवले. डांबरी रस्त्यावर तुझ्यासाठी असं कुणी काही केलेलं नाही. दुसरा-तिसरा गिअर ठेव, इंजिनाला गाडी धरू दे, क्लच दाबून घरंगळू नकोस. ब्रेक लागेल तेव्हा दाबून सोड, सतत टेकवून ठेवू नकोस. गाडी २०१९ च्या आधीची आहे, तिला एबीएस नाही, तेव्हा ओल्या वळणावर पुढचा ब्रेक एकदम ओढायचा नाही. सरळ रस्त्यावर मात्र थांबवायचं मुख्य काम पुढचाच करतो. मागच्यावर भिस्त ठेवायची तुझी सवय सोड.

नवे पॅड घातल्या घातल्या घाटात जायचं नाही. तळेगावच्या मोकळ्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगावरून दहावर आण, चाक न अडकवता, वीस-पंचवीस वेळा, मधे डिस्क थंड होऊ देत. त्यानंतरचे शे-दीडशे किलोमीटर सांभाळून चालव. पॅडचं तोंड डिस्कला जुळलं की आवाज बहुधा गेलेला असेल.

एवढं करूनही राहिला, तर अलिबागच्या आधीच्या रविवारी वर ये. मामी वाट बघतेच आहे. येताना काढलेले जुने पॅड फेकू नकोस, डावा-उजवा लिहून पिशवीत घालून आण. एक जास्त आणि दुसरा कमी झिजला असेल तर कॅलिपर सरकत नाही असं समजायचं, आणि तसं असेल तर तो आपण इथेच खोलू.

तुझा,
मामा