बोटीची वही

आजवर मी तीन बोटी विकल्या. पहिली २००४ साली, नव्वद हजारांना. ज्याने घेतली त्याने तीच पुढच्या शिमग्याला एक लाख चाळीस हजारांना काढली आणि ही बातमी मला त्यानेच दिली, हर्णैच्या बंदरावर, संध्याकाळच्या लिलावाच्या गर्दीत, वर चहा पाजून. मधल्या चार महिन्यांत त्याने केलं काय? खालून घासली, दोन फळ्या बदलल्या आणि कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावले. पन्नास हजार त्या पिशवीचे होते असं मला आजही वाटतं.

तिसरी छोटी फायबरची होडी पाहुण्यांतच गेली. पाहुण्यांतल्या व्यवहाराचा हिशेब कधी जुळत नाही, म्हणून ती इथे नको. दुसरी मात्र सांगण्यासारखी आहे. बेचाळीस फुटी, लाकडी, वरून फायबर चढवलेली, सहा सिलिंडरचं मशीन. २०२२ च्या मे महिन्यात विकली. सोळा लाख सांगितले, पावणेपंधराला दिली. बंदरावरच्या जाणत्यांचा अंदाज बाराचा होता. वरचे पावणेतीन लाख कुठून आले, ते जमेल तसं लिहितो.

१. घरातलं कार्य बंदरावर सांगू नये.

पहिली बोट मी कार्तिकात विकली, कारण मार्गशीर्षात बहिणीचं लग्न होतं. ही गोष्ट बर्फवाल्यापासून डिझेलवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. गिऱ्हाईक आलं, बसलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "लग्नाची तारीख काय धरली?" भाव तिथेच ठरला.

२. वैशाख गाठावा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. खरेदी-विक्रीचं सगळं गणित या दोन महिन्यांभोवती फिरतं. चैत्र-वैशाखात हंगामाचा हिशेब झालेला असतो. ज्याला चार पैसे सुटले त्याच्या हातात ते असतात, अजून खर्च झालेले नसतात. बोट पाण्यात चालू असते, म्हणजे समुद्रात नेऊन दाखवता येते. लगेच पुढे ती वर ओढायचीच असते, म्हणजे पोटही दाखवता येतं. आणि घेणाऱ्याला सुतारकाम, मशीनकाम, कागद यांसाठी बंदीचे दोन महिने मिळतात. नारळी पौर्णिमेला तो तयार.

हेच कार्तिकात विकायला काढलीत, तर घेणाऱ्याचा चालू हंगाम बुडतो, आणि तो बुडणारा हंगाम तो तुमच्या किमतीतून वजा करतो. पावसाळ्यात झापांनी शाकारून ठेवलेली बोट तर कुणी बघूच नये. झापांखालची बोट आणि बुरख्यातली नवरी, दोन्हींबद्दल मध्यस्थ सांगेल तेच खरं. अक्षय्य तृतीयेच्या आसपास बोलणी सुरू व्हावीत आणि मृगाच्या आत बोट दुसऱ्याच्या दारात असावी, हे माझं वेळापत्रक.

३. रंग लावू नये.

आपल्याकडे विकायची वस्तू म्हटली की आधी डबा आणि ब्रश. मुलगी दाखवायला पावडर, बोट दाखवायला निळा रंग. पण बोट घेणारा माणूस बोटीतच वाढलेला असतो. ताजा रंग दिसला की तो त्याच्याखाली काय आहे ते शोधतो, आणि न सापडल्यास आहेच असं धरून चालतो.

मी उलट केलं. वैशाखी पौर्णिमेच्या उधाणाला, दुपारच्या भरतीत बोट आंजर्ल्याच्या खाडीत काठाला जितकी वर येईल तितकी आणली आणि टेकू लावले. उधाणाच्या दिवसांत आमच्याकडे दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास भरती, आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास सुकती. म्हणजे सकाळी सहाला बोट पठाणापर्यंत उघडी पडते, ऊनही नसतं आणि बघायला वेळ मिळतो. भांगाच्या भरतीला हे जमत नाही, पाणी पोटाखालून हटतच नाही.

आदल्या संध्याकाळी मी शिंपले खरवडून काढले, गोड्या पाण्याने पोट धुतलं, आणि मला ठाऊक असलेल्या तीन वाईट जागांवर खडूने गोल काढले. एक पंख्याच्या वर, जिथे फायबरला चीर होती. दोन उजव्या अंगाला, जिथे फायबरखाली पाणी शिरून लाकूड मऊ झालं होतं.

दाभोळचे एक नाखवा भाच्याला आणि आपल्या सुताराला घेऊन आले. सुतार बोलला नाही. नाळेपासून सुरुवात करून वीत-वीतभर अंतराने हातोडी ठोकत तो मागे निघाला. चांगल्या लाकडावर टण वाजतं, सडक्यावर बद्द, आणि फायबर लाकडापासून सुटलं असेल तर पिकल्या कलिंगडासारखं पोकळ. खडूच्या तिन्ही गोलांवर बद्द आलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि पुढे गेला. सुकाणूजवळ चौथ्या ठिकाणी बद्द आलं. तिथे गोल नव्हता. मला खरोखरच ठाऊक नव्हतं, पण हे पटवायचं कसं? मी खडू त्याच्या हातात दिला, म्हटलं, तुम्हीच काढा, आणि याचे पंधरा हजार आत्ताच कमी करतो. त्याने गोल काढला आणि हातोडी पिशवीत टाकली. डावं अंग त्याने ठोकलंच नाही.

४. वही ठेवावी, आणि ती पहिल्या दिवसापासून ठेवावी.

ही माझी फुशारकी नाही. वही बायकोने सुरू केली, मी डिझेलचे पैसे कुठे घालवतो ते कळावं म्हणून. शंभर पानी, वर कुठल्या तरी बँकेचं कॅलेंडर चिकटवलेली. त्यात तारीख, किती लिटर भरलं, किती तास मशीन चाललं, तेल कधी बदललं, शाफ्टचा बुश कधी टाकला, ग्लँडची दोरी कधी भरली. मधे मधे भाजीचे हिशेब आणि मुलाच्या फीचे आकडे.

२०२२ मध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न एकच असे: निसर्गात कुठे होती? ३ जून २०२० च्या त्या वादळाने आमच्या दापोली तालुक्यातली झाडं, छपरं आणि बोटी सारख्याच झोडपल्या, आणि मार खाल्लेल्या कितीतरी बोटी वरवर सारवून विकल्या गेल्या. मी वही उघडून दिली. त्या पानावर होतं: खाडीत बांधलेली, शेजारची बोट अंगावर आली, डाव्या काठाच्या सात फूट फळ्या गेल्या, सुताराचे अमुक, लाकडाचे तमुक. सोबत मोबाईलवरचे फोटो. नाखवांनी पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, "भाऊ, ही शेपू तीस रुपयांना जुडी घेतलीत?" त्याच क्षणी मला वाटलं, हे घेणार.

५. मशीन गार असावं.

गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास मशीन चालवून ठेवायचं, ही जुनी युक्ती. म्हणूनच जाणता माणूस आल्या आल्या गप्पा मारत मशीनवर हात ठेवतो. गार असेल तर निम्मी शंका तिथेच मिटते. सुरू होताना थोडा धूर येतो, तो येऊ द्यावा. मशीन तापल्यावरही निळा येत राहिला तर तेल जळतंय आणि भाराखाली काळा निघाला तर इंजेक्टरकडे बघायला हवं, हे घेणाऱ्यालाही कळतं. तेलाची कांडी स्वतः काढून त्याच्या हातात द्यावी. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि अशी बोट विकायच्या आधी दुरुस्त करावी, नंतर नाही. ग्लँडमधून चालताना थेंब-थेंब पाणी येणं ठीकच आहे. ते लपवायला दोरी आवळून बसणारे शाफ्ट तापवून घेतात.

६. कागदांना आठवडा नव्हे, महिना द्यावा.

२००८ साली पोरबंदरची कुबेर बोट पळवून अतिरेकी मुंबईपर्यंत आले, तेव्हापासून बोटीचा नंबर म्हणजे नुसती रंगवलेली अक्षरं राहिली नाहीत. नोंदणी ज्याच्या नावावर, जाब त्याला. तुम्ही पैसे घेऊन मोकळे झालात आणि नवा मालक बंदी असलेले एलईडी दिवे लावून मासेमारी करताना पकडला गेला, तर नोटीस तुमच्या पडवीत येते. म्हणून विक्रीच्या करारात ताबा दिल्याची तारीखच नाही, वेळही लिहावी. नाव बदलण्याचा अर्ज मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात दोघांनी बरोबर जाऊन द्यावा, आणि शेवटचा हप्ता त्या अर्जाला बांधून ठेवावा. मासेमारीचा परवाना आपोआप जात नाही, हे घेणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगावं. नाहीतर ऑगस्टमध्ये तो तुमच्या दारात.

कर्ज फिटलं असलं तरी बोजा उतरल्याचा दाखला हातात हवा. माझं कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण दाखला मी कधी मागितलाच नव्हता, आणि त्यासाठी तीन फेऱ्या पडल्या.

कागदावर न येणारा बोजा वेगळाच. आमच्याकडे बरेच मालक हंगामाच्या तोंडावर मासळीच्या व्यापाऱ्याकडून आगाऊ उचलतात आणि त्या बदल्यात माल त्यालाच घालतात. बोट विकली की ती उचल कुणाच्या अंगावर? नवा मालक पहिल्याच दिवशी माल घेऊन आला आणि व्यापारी बोटीवर हक्क सांगायला उभा राहिला, असं मी पाहिलं आहे. मी माझी उचल आधी फेडली, आणि व्यापाऱ्यालाच नाखवांसमोर बसवून वदवून घेतलं.

इथे एक चूकही केली. डिझेलवरच्या कराचा परतावा संस्थेमार्फत येतो, आणि तो उशिरानेच येतो. माझ्या काळातला परतावा कुणाचा, हे करारात लिहायचं राहिलं. नाखवांनी तो मला पोचवला, ही त्यांची सज्जनता. पण कराराने सज्जनतेवर विसंबू नये.

७. तांडेलाला विचारावं.

बोट घेणाऱ्याला हवा असतो पुढचा हंगाम, आणि हंगाम आणतो तांडेल. "तांडेल येणार का?" हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. माझा तांडेल पाजपंढरीचा, बोटीवर नऊ वर्षं. त्याला मी गिऱ्हाइकाच्या आधी सांगितलं, आणि जायचं की नाही ते त्याच्यावर सोडलं. तो गेला. किमतीतले निदान लाखभर रुपये त्याच्या माहितीचे होते, म्हणून त्यातले वीस हजार मी त्याला दिले. बंदरावर काहींना हे फार वाटलं.

८. जाळी, जीपीएस, वायरलेस, नांगर यांची वेगळी यादी करावी आणि त्यांच्याशिवायचा भाव आधी सांगावा. घासाघीस फार ताणली की एखादं जाळं वर घालता येतं, तेवढे पैसे सोडावे लागत नाहीत.

९. सोळा सांगितल्यावर गप्प बसावं.

मला हे जमत नाही. दोनदा बायकोने आतून कपबशी वाजवली म्हणून मी थांबलो. नाखवा तेरावर आले, मी पंधरावर, आणि मधे बराच वेळ कुणी बोललं नाही. भाचा अंगणातल्या नारळाकडे बघत होता. शेवटी दोन जाळी यादीतून बोटीत गेली आणि पावणेपंधरा झाले. इसार म्हणून पन्नास हजार घेतले, त्याच कागदावर महिन्याची मुदत घातली. मुदत नसलेला इसार म्हणजे बोट बांधून पडते आणि वैशाख निघून जातो.

१०. वही बोटीबरोबर द्यावी.

बायकोने भाजीची पानं फाडायची का असं विचारलं. नाखवा म्हणाले, राहू द्या. बोटीवर आईचं नाव होतं. ते त्यांनी तसंच ठेवलं आणि वर त्यांच्या मुलीचं लिहिलं.

नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात भल्या पहाटे भाच्याचा फोन आला. मागे मशीनचा आवाज.

"काका, डाव्या टाकीचा नळ उलटा फिरतो. ते वहीत लिहिलं नाहीत."

"नऊ वर्षं तांडेलच फिरवत होता रे," मी म्हटलं. "त्याला विचार."

"तो झोपलाय."