कुलूप तुटल्यावर आतलं कोणाचं? : व्हिव्हियन मायरच्या पेट्यांवरून एक अभ्यास

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत शहापुरातल्या एका रद्दीच्या दुकानात मला एक वही मिळाली. जाड पुठ्ठ्याचं काळं बाइंडिंग, आत निळ्या शाईने लिहिलेल्या चाळीसेक कविता आणि शेवटच्या पानांवर दुधाचा हिशोब. नाव कुठेच नाही. एका पानाच्या कोपऱ्यात फक्त १९७४ हे साल. दुकानदारकाकांनी तीस रुपये सांगितले, मी दिले. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी उत्साहाने मांडलं, की आपल्या ई-अंकात 'सापडलेली वही' असं सदर सुरू करू आणि दर अंकात दोन कविता छापू. सगळ्यांना कल्पना आवडली. मॅडमनी मात्र एकच विचारलं, "वही तू दुकानदाराकडून घेतलीस, ते ठीक. कविता कोणाकडून घेतल्यास?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला बसले आणि पोहोचले थेट शिकागोत, एका म्हाताऱ्या बाईच्या थकलेल्या भाड्यापाशी. आपल्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट माहीत असायला हवी असं वाटलं, म्हणून हा लेख.

१. गाळ्यांचा लिलाव चालतो कसा?

अमेरिकेत सामान ठेवण्यासाठी भाड्याने गाळे मिळतात. लांबच लांब ओळीत शटरवाले छोटे गाळे असतात. कुलूप आपलं, किल्ली आपली, दरमहा भाडं भरायचं. घर बदलताना, घटस्फोटानंतर, आईवडील गेल्यावर त्यांच्या वस्तूंचं काय करायचं हे ठरत नाही तेव्हा लोक असा गाळा घेतात. 'दोन महिन्यांसाठी' म्हणून ठेवलेलं सामान बरेचदा वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

भाडं थकलं की गाळ्याच्या मालकाला त्या सामानावर कायद्याने हक्क मिळतो. आपल्याकडे कायद्याच्या भाषेत याला धारणाधिकार म्हणतात. प्रत्येक राज्याचे नियम थोडे वेगळे, पण क्रम साधारण सारखाच. भाडेकरूच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर नोटीस जाते, मुदत दिली जाते, जाहिरात होते आणि मग कुलूप तोडून लिलाव. लिलावाआधी थकबाकी भरली तर सामान परत मिळतं. पण ज्याचा पत्ताच बदललाय, जो दवाखान्यात आहे किंवा ज्याला आता फारसं आठवत नाही, त्याच्यापर्यंत ती नोटीस पोहोचते का, हा प्रश्न उरतोच.

घेणाऱ्यांच्या बाजूने हा सरळ धंदा आहे, आणि कष्टाचा आहे. शटर वर जातं, पण आत पाऊल टाकता येत नाही. दारातूनच बॅटरी मारून काय दिसतं ते पाहायचं आणि काही मिनिटांत बोली लावायची. मुरलेले खरेदीदार वस्तूंपेक्षा त्या कशा ठेवल्यात हे बघतात. सारख्या मापाची, नावं लिहिलेली, नीट रचलेली खोकी असली, तर ठेवणाऱ्याला त्यांची किंमत वाटत होती. काळ्या पिशव्यांचा ढीग असला, तर कदाचित नुसता कचरा. बोली जिंकली की एक-दोन दिवसांत गाळा रिकामा करून द्यायचा. ट्रकचं भाडं, हमाली, आणि जुन्या गाद्या टाकून द्यायलासुद्धा पैसे. त्यानंतर वाटणी होते : विकण्याजोगं, दान करण्याजोगं, फेकण्याजोगं. हल्ली पुष्कळ लिलाव ऑनलाइनच होतात, दारातून काढलेल्या फोटोंवर. २०१० च्या अखेरीस 'स्टोरेज वॉर्स' नावाची मालिका टीव्हीवर आली आणि हा धंदा घराघरांत पोहोचला. मालिकेत दर भागात काहीतरी घबाड सापडतं. खऱ्या गाळ्यांत बहुतेक वेळा सोफे, कपडे आणि घरातले फोटो असतात.

घरातल्या फोटोंना बाजारात जवळजवळ भाव नाही. ते परत करण्यासाठी कार्यालयात ठेवून जावेत अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणजे गाळ्यातल्या सगळ्याच वस्तू सारख्या नसतात, काही अजूनही 'त्यांच्या' असतात, हे या धंद्यालाही कळतं.

२. व्हिव्हियन मायर

व्हिव्हियन मायरचा जन्म १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. आई फ्रेंच, वडील ऑस्ट्रियन. लहानपणाची काही वर्षं फ्रान्समधल्या आल्प्सच्या एका खोऱ्यात गेली. १९५१ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली, १९५६ मध्ये शिकागोच्या भागात आली आणि पुढची सुमारे चाळीस वर्षं तिने लोकांची मुलं सांभाळली. मुलांना घेऊन शहरभर हिंडायची आणि गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा असायचा. या कॅमेऱ्यात वरून खाली बघून फोटो काढतात, त्यामुळे समोरच्याला चटकन कळतही नाही. रस्त्यावरची मुलं, थकलेले कामगार, फरकोट घातलेल्या बायका, दुकानांच्या काचांत दिसणारी स्वतःची सावली, असे एक लाखाहून अधिक फोटो तिने काढले. दाखवले जवळजवळ कोणालाच नाहीत. शेकडो रोळ तर तिने डेव्हलपही केले नव्हते. खोलीला कुलूप असायचं आणि आत कोणी यायचं नाही, अशी तिची अट असे.

म्हातारपणी पैसे कमी पडले. गाळ्यांचं भाडं थकलं आणि २००७ मध्ये तिचं सामान विकलं गेलं. एका लिलाववाल्याने ते घेतलं आणि लहान लहान भाग करून पुढे विकलं. जॉन मालूफ हा इस्टेट एजंट तरुण तेव्हा शिकागोतल्या पोर्टेज पार्क या वस्तीच्या इतिहासावरच्या पुस्तकासाठी जुने फोटो शोधत होता. सुमारे ४०० डॉलरना त्याने एक मोठी पेटी घेतली. आत साधारण ३०,००० निगेटिव्ह होत्या. पुस्तकाला त्या उपयोगी पडल्या नाहीत, म्हणून पेटी तशीच पडून राहिली. नंतर तो त्या बघत गेला, हळूहळू गुंतला आणि दुसऱ्या खरेदीदारांकडूनही तिचं सामान गोळा करू लागला.

मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट पुढे आहे. लिलाव झाला तेव्हा मायर जिवंत होती, त्याच शहरात राहत होती. २००८ च्या हिवाळ्यात ती बर्फावर घसरून पडली आणि २१ एप्रिल २००९ रोजी वारली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मालूफला एका पाकिटावर तिचं नाव सापडलं. त्याने ते इंटरनेटवर शोधलं तर समोर आली तिच्या निधनाची बातमी. ती बातमी दिली होती तिने लहानपणी सांभाळलेल्या मुलांनी. उतारवयात तिच्या घराची सोयही त्यांनीच केली होती.

पुढचं सगळं भराभर घडलं. फोटो इंटरनेटवर गाजले. २०११ मध्ये शिकागो कल्चरल सेंटरमध्ये प्रदर्शन झालं, पुस्तकं निघाली, आणि २०१३ मध्ये 'फाइंडिंग व्हिव्हियन मायर' हा माहितीपट आला, त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. निगेटिव्हवरून काढलेल्या प्रती गॅलऱ्यांमध्ये हजारो डॉलरना विकल्या जाऊ लागल्या.

३. पेटी आणि पेटीतलं काम

मॅडमचा प्रश्न नेमका इथे लागू पडतो. मालूफने निगेटिव्ह विकत घेतल्या, त्या त्याच्याच. पण त्यांच्या प्रती छापून विकायचा हक्क? अमेरिकन कायदा स्पष्ट सांगतो, की वस्तूची मालकी वेगळी आणि कॉपीराइट वेगळा. पेटी विकली म्हणून पेटीतल्या निर्मितीचा हक्क आपोआप जात नाही. तो निर्मात्याकडे राहतो आणि त्याच्यामागे वारसांकडे जातो, मृत्यूनंतर ७० वर्षं. मायरच्या बाबतीत म्हणजे २०७९ च्या अखेरपर्यंत. थोडक्यात, गाळ्याच्या मालकाला थकलेल्या भाड्यापोटी सामान विकता आलं, पण जे त्याच्या हातात कधी आलंच नव्हतं ते त्याला विकता येणं शक्य नव्हतं.

मायरचं लग्न झालं नव्हतं, मूल नव्हतं आणि मृत्युपत्रही नव्हतं. मालूफने फ्रान्समध्ये तिचा एक दूरचा भाऊ शोधून काढला आणि पैसे देऊन त्याच्याकडून हक्क घेतले. २०१४ मध्ये एका वकिलाने दुसऱ्याच एका नातेवाइकाचा दावा कोर्टात नेला. तेव्हा तिची मालमत्ता तिथल्या कुक काउंटीच्या सरकारी प्रशासकाच्या देखरेखीखाली आली. २०१६ मध्ये प्रशासक आणि मालूफ यांच्यात समझोता झाला, त्याच्या अटी गुप्त आहेत. जिला आयुष्यभर खोलीचं दार बंद लागायचं, तिच्या खोलीवर आता वकील, वारस आणि गॅलऱ्या बोलत होत्या.

आपल्याकडे काय? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही हाच फरक आहे. साहित्यावरचा हक्क लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. मृत्युपत्राने कोणाला अप्रकाशित हस्तलिखित दिलं आणि त्यात वेगळं काही लिहिलं नसेल, तर हस्तलिखितासोबत कॉपीराइटही त्याला मिळतो. पण हे झालं लेखकाने स्वतः कोणाला दिलं तर. रद्दीच्या तराजूतून ते मिळत नाही. लेखक सापडतच नसेल तर त्यासाठीही कलम ३१-अ आहे. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, रीतसर अर्ज करायचा आणि छापण्याचा परवाना मागायचा. म्हणजे कायद्याचं म्हणणं असं : लेखक दिसत नाही म्हणजे लेखक नाही, असं समजू नका. आधी शोधा.

४. मग मालूफ चुकला का?

इथे मी बराच वेळ अडले. कारण हा माणूस नसता, तर आज मायर आपल्याला माहीतच नसती. ती पेटी एखाद्या नुसत्या धंदेवाल्याच्या हाती लागली असती, तर निगेटिव्ह फेकल्याही गेल्या असत्या. धंद्याच्या वाटेनेच ती वाचली, हे मान्य करायला हवं. गॅलरीत विक्री झाली म्हणून स्कॅनिंगचा, जतनाचा, शोधाचा खर्च निघाला. 'नफा म्हणजे पाप' इतकं हे सोपं नाही.

पण 'वाचवलं' म्हणजे सगळं माफ, असंही नाही. मायरने जे फोटो स्वतः छापून घेतले, त्यातले कित्येक तिने कापून, चौकट बदलून छापले होते. आज आपण जे पाहतो ते बहुतांशी दुसऱ्यांनी निवडलेलं आणि दुसऱ्यांनी छापलेलं आहे. लाखातले शंभर कोणते, हे तिने ठरवलेलं नाही. तेव्हा मायरची शैली म्हणून आपण ज्याचा अभ्यास करतो, त्यात मायर किती आणि निवडणारा किती?

साहित्यात हा प्रश्न जुनाच आहे. काफ्काने मित्राला, मॅक्स ब्रोडला, आपले कागद जाळायला सांगितले होते. ब्रोडने जाळले नाहीत आणि 'द ट्रायल' १९२५ मध्ये छापली. ब्रोडनंतर ते कागद त्याच्या सचिव बाईंकडे आले, त्यांच्याकडून १९८८ मध्ये 'द ट्रायल'चं हस्तलिखित लिलावात गेलं आणि उरलेल्या कागदांवरचा खटला २०१६ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात संपला. पण काफ्काने निदान काहीतरी सांगून ठेवलं होतं, आणि मोडलं ते त्याला ओळखणाऱ्या मित्राने. मायरला कोणी विचारलंच नाही. कागद एकदा हातोहात जायला लागले, की लिहिणारा माणूस त्या व्यवहारातून बाहेर पडतो. त्याला परत आत आणणं हे वाचकाचं, संपादकाचं आणि अभ्यासकाचं काम आहे.

५. वहीचं काय झालं?

मी त्या दुकानात परत गेले. काकांनी आठवून सांगितलं, की तो गठ्ठा टिळकवाडीतलं एक जुनं घर पाडायला काढलं तेव्हा आला होता. घराच्या जागी आता अपार्टमेंट उभं राहतंय. शेजारच्या आजींना दाखवायला वही नेली. त्या म्हणाल्या, "त्या घरात बऱ्याच बिऱ्हाडांनी भाड्यानं काढलीत गं वर्षं. कुणाची म्हणून सांगू?" १९७४ मध्ये जी विशीत असेल, ती आज सत्तरीत असेल. म्हणजे कदाचित याच गावात असेल. लिलावाच्या वेळी मायर होती तशी.

म्हणून सदर सुरू केलेलं नाही. वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. या अंकात आम्ही फक्त तिच्या मुखपृष्ठाचा फोटो देत आहोत, कविता नाही आणि हिशोबाची पानंही नाहीत. वाचकांपैकी कोणाच्या आईला, मावशीला, आजीला ही वही ओळखीची वाटली, तर मंडळाला कळवावं. तीस रुपये परत नकोत. कविता छापू का, एवढंच विचारायचं आहे. आणि उत्तर 'नको' असलं, तर वही घरपोच नेऊन देईन.

चर्चेसाठी प्रश्न

१. निर्मात्याने आपलं काम लपवून ठेवलं, पण नष्ट केलं नाही. यावरून त्याची इच्छा काय होती असं समजावं?
२. अप्रकाशित साहित्य दुसऱ्याने निवडून छापलं असेल, तर त्यावरून लेखकाच्या शैलीबद्दल आपण काय म्हणू शकतो आणि काय नाही?
३. तुमच्या घरातून गेल्या वर्षभरात रद्दीत काय गेलं? त्यात हाताने लिहिलेलं काही होतं का, आणि ते कोणाचं होतं?