हेडफोन ॲम्प्लिफायर घेण्याआधी हेडफोनचे आकडे वाचा

हेडफोन ॲम्प्लिफायरवर पंधरा-वीस हजार घालायच्या आधी एक पाहा. तुमचा हेडफोन ब्लूटूथचा आहे का? असेल तर हा खर्च वाचला. वायरलेस हेडफोनच्या आतच त्याचा ॲम्प्लिफायर असतो. पुढचा हिशोब वायरच्या हेडफोनचा.

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात, ओहममधला इम्पिडन्स आणि डेसिबलमधली सेन्सिटिव्हिटी. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, तो साध्या फोनवरही भरपूर मोठा वाजतो. सेनहायझरचा एचडी ६०० मात्र ३०० ओहमचा, आणि एका व्होल्टला ९७ डेसिबल देणारा. फोनला लावायचा छोटा यूएसबी डोंगल साधारण एक व्होल्ट देतो. मग ९७ पुरे नाहीत का? ती कमाल पातळी झाली. शास्त्रीय गायनाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात आलापी आणि तबल्याची कडक थाप यांत पंधरा-वीस डेसिबलचं अंतर सहज असतं, म्हणजे सरासरी आवाज ८०च्या आसपास येतो. रात्री घर निजल्यावर ऐकणाऱ्याला तो पुरतो. पण जुनी, हळू आवाजात मुद्रित झालेली मैफल लावली की डोंगल तोकडा पडतो. ११० डेसिबलची थाप विनासायास यायची तर साडेचार व्होल्ट, म्हणजे ३०० ओहमवर सुमारे ७० मिलिवॅट लागतात. टेबलावरच्या ॲम्प्लिफायरची खरी गरज इथे सुरू होते. ही ताकद थापेपुरतीच वापरायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबल ४० तासांपलीकडे ऐकू नये.

जाहिरातीत ‘२००० मिलिवॅट’ लिहिलेलं असतं, ते बहुतेकदा ३२ ओहमवरचं आणि बॅलन्स्ड जोडणीचं. आपल्या हेडफोनच्या ओहमवर किती, ते विचारा. आउटपुट इम्पिडन्सही विचारा. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा जास्त नको, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंत. जास्त असला तर काही हेडफोनमध्ये खर्ज फुगतो आणि तानपुरा गढूळ होतो. घरातल्या जुन्या डेकच्या हेडफोन जॅकमध्ये हा दोष अनेकदा सापडतो. आणि स्पीकरच्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलला हेडफोन कधीही जोडू नका, जळू शकतो.

ढोबळ किमती अशा: डोंगल एक ते चार हजार. ॲपलचा डोंगल चांगला आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी येतो. डॅकसह, म्हणजे डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणाऱ्या भागासह, टेबलावरचा ॲम्प्लिफायर, उदाहरणार्थ फिओचा के११ किंवा के७, बारा ते बावीस हजारांच्या पट्ट्यात. एकूण पंचवीस हजार असतील तर माझं मत स्पष्ट आहे: वीस हेडफोनला, तीन डोंगलला, उरलेले हाताशी. आवाजात सर्वांत मोठा फरक हेडफोन पाडतो. ॲम्प्लिफायर त्याच्यापेक्षा महाग घेऊ नका.

आपल्याकडे, बुलढाणा जिल्ह्यात, वायरिंगचाही खर्च धरा. घाटावर असा की घाटाखाली, अर्थिंग नीट नसलेलं घर असेल तर लॅपटॉप चार्जरला लावताच हेडफोनमध्ये गुणगुण येऊ शकते. चार्जर काढून ऐका. गुणगुण थांबली तर दोष ॲम्प्लिफायरचा नाही, चार्जरचा किंवा वीजजोडणीचा आहे. आधी वायरमनला बोलवा. व्होल्टेज कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझरचे दोन-तीन हजार वेगळे. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवत असाल तर त्याचा अडॅप्टर २३० व्होल्टचा आहे का, ते आधी विचारा. तिथे काही यंत्रांना नुसता ११५-१२० व्होल्टचा मिळतो, तो इथे लावला की जळतो.

हेडफोन ऐकून घ्यायचा तर खामगाव किंवा मलकापूरहून मुंबई-पुण्याला जावं लागेल. जाण्यायेण्याचा आणि मुक्कामाचा खर्च डोंगलच्या किमतीहून जास्त होतो, म्हणून स्वस्त वस्तूसाठी तो करू नका. तीस हजारांच्या हेडफोनसाठी मात्र जरूर करा. इतर कामाला जोडून गेलात तर उत्तम, आणि आपली नेहमीची गाणी फोनमध्ये घेऊन जा.

ऑनलाइन घेताना जीएसटीचं बिल, त्यावर सीरियल नंबर आणि भारतातली वॉरंटी या तीन गोष्टींशिवाय पैसे देऊ नका. समांतर आयातीचा माल दोन हजारांनी स्वस्त पडतो, पण तो बिघडला की दुरुस्तीसाठी कुणाकडे जायचं हा प्रश्न उरतो. खोकं उघडतानाचा व्हिडिओ एकसलग काढा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करा. तेवढ्यानेही भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार तुमच्या राहत्या ठिकाणी करता येते. विक्रेता चेन्नईचा असो वा दिल्लीचा, बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात ती दाखल होऊ शकते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.