शेपटीवाला सी आणि अधांतरी टिंब



गुरुजींनी आम्हांला एकेक परकी भाषा अभ्यासाला दिली. माझ्या वाट्याला आली कॅटलान. मी म्हटले, "ही कुठली हो, गुरुजी?" त्यांनी नकाशावर बोट ठेवले. स्पेनच्या ईशान्येला, बार्सिलोना शहराच्या भागात ती बोलतात. शेजारच्या चिमुकल्या अँडोरा देशाची तर ती राजभाषाच आहे.

लिपी रोमन, अक्षरे इंग्रजीप्रमाणे २६. पण उच्चार निराळे. माझ्याबरोबर म्हणा बरे!

१) एच मुका. लिहिताना 'होला', म्हणताना 'ओला'. अर्थ नमस्कार.

२) शब्दाच्या आरंभी एक्स आला की बहुधा 'श' म्हणतात. बार्सिलोनाकडे चॉकलेटला म्हणतात 'शुकुलाता'.

३) एन आणि वाय जोडून आले की आपला 'ञ'. आपल्याकडे ञ नुसता बसून असतो, तिकडे त्याला रोज काम!

४) जे म्हणायला तोंड 'श'सारखे ठेवा आणि घसा घुमवा. जमले?

५) सीच्या पुढे ई किंवा आय आला की 'स', ए, ओ, यू आला की 'क'. मग ए-पुढे 'स' हवा असेल तर? सीच्या पायाला शेपटी लावायची. 'बार्सा' या फुटबॉल संघाच्या नावात हीच शेपटी आहे. ती नसती तर 'बार्का' वाचले असते.

६) दोन एल जोडून आले की 'ल्य'. मध्ये अधांतरी टिंब दिले की 'ल्ल'. त्यांच्या शाळेच्या एका नावात, 'कुल्लेझी'त, हे टिंब आहे.

हसू नका हं! 'चमचा' आणि 'चंद्र' यांत आपण च एकच लिहितो, पण म्हणतो का एकसारखा?

हे नियम पोम्पेउ फाब्रा यांच्या पुढाकाराने १९१३ साली ठरले. पुढे फ्रँकोची हुकूमशाही आली. १९३९ पासून शाळेत आणि कचेरीत कॅटलानला मज्जाव झाला. मुले ती घरात बोलत, पण शाळेत लिहायला शिकत नसत. १९७५ साली फ्रँको वारला. १९८३ च्या कायद्याने कॅटलोनियातील शाळांत तिला हक्काची जागा मिळाली. घरच्यांनी बोलणे सोडले नाही, म्हणून ती टिकली.

हे वाचून मला माझी आजी आठवली. आमच्या घरी अहिराणी बोलतात. पहिलीत मी 'मला'ऐवजी 'माले' म्हटले की मुले हसायची. मग मी शाळेत गप्पच बसू लागलो. घरी आजीलाही म्हणायचो, "चारचौघांत असं बोलू नको." आजी काही बोलली नाही. आता मला त्याचे वाईट वाटते. काल मी तिच्याजवळ बसून तिचे वीस शब्द वहीत लिहून घेतले. आजी खूप हसली.

या लेखाखाली कोरा कागद लावला आहे. तुमच्या घरचा एक शब्द आणि त्याचा अर्थ त्यावर लिहा. पालकांनीही लिहावा, ही विनंती.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी