राहुलाचा आरसा आणि आपला चेहरा



आमच्या अभ्यासवर्गात नवीन मुलांनी उभे राहून स्वतःची ओळख करून द्यावी अशी पद्धत आहे. एके वर्षी भामरागडकडचा एक माडिया मुलगा उठला. त्याने आपले नाव सांगितले, गावाचे नाव सांगितले आणि पुढचे वाक्य मराठीत जुळवताना तो अडखळला. मागच्या रांगेत हशा पिकला. मुलगा खाली बसला, तो पुढे कितीतरी दिवस वर्गात बोललाच नाही. त्या दिवशी हसणारी मुले परकी नव्हती, ती आपलीच होती. ज्यांच्या आजा-पणज्यांना शाळेत वेगळे बसवले गेले, त्यांची ही नातवंडे. त्या प्रसंगाने मला विचार करायला लावले. त्यातून हा पाठ तयार झाला आहे.

१. आरशात दिसते ते कोण?

घरातला आरसा ही साधी वस्तू आहे. पण त्यात दिसणारा 'मी' आहे हे ओळखणे साधे नाही. गॉर्डन गॅलप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चिंपांझींना काही दिवस आरशाची सवय करून दिली, नंतर भूल देऊन त्यांच्या भुवईवर व कानावर रंगाचा ठिपका लावला. जागे झाल्यावर आरशात पाहून ते स्वतःच्याच अंगावरचा ठिपका चाचपू लागले. माणसाचे मूल साधारण दीड ते दोन वर्षांचे होईपर्यंत हे ओळखू लागते. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील हॅपी नावाच्या आशियाई हत्तिणीनेही ही परीक्षा पार केल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरच्या हत्ती कॅम्पमधले हत्ती याच आशियाई जातीचे आहेत.

या प्रयोगाचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. जन्मापासून एकटे ठेवून वाढवलेले चिंपांझी आरशात स्वतःला ओळखू शकले नाहीत, असे गॅलप व त्याच्या सहकाऱ्यांना १९७१ मध्ये आढळले. दृष्टी होती, आरसा होता, पण आयुष्यात दुसरा कोणी नव्हता. 'मी' समजायला आधी 'तू' लागतो, हा याचा बोध आहे.

२. मेंदूतील आरसा

इटलीतील पार्मा येथे जाकोमो रिझोलाटी व त्यांचे सहकारी माकडांच्या मेंदूचा अभ्यास करीत होते. हाताची हालचाल ठरवणाऱ्या भागातील काही चेतापेशी माकडाने वस्तू उचलली की उद्दीपित होत. आश्चर्य असे की, दुसऱ्याने वस्तू उचललेली माकडाने नुसती पाहिली तरी त्याच पेशी उद्दीपित होत. हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९६ पासून या पेशींना 'आरसा-पेशी' असे नाव पडले. २०१० मध्ये अपस्माराच्या रुग्णांवरील उपचारादरम्यान माणसाच्या मेंदूतही अशा प्रकारच्या पेशींची प्रत्यक्ष नोंद मिळाली.

येथे सावध राहिले पाहिजे. करुणा, भाषा, संस्कृती या सगळ्यांचे मूळ याच पेशींत आहे, असे दावे पुढे केले गेले. ते सिद्ध झालेले नाहीत. ऐकलेले पारखून घ्यावे, ही तर आपल्या अभ्यासाची पहिली अट आहे. मात्र माणूस पाहून शिकतो, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. धानाची रोवणी किंवा तेंदूपत्त्याचे पुडके बांधणे मुलांना कोणी पुस्तकातून शिकवत नाही. मूल आईच्या हाताकडे पाहते आणि एक दिवस त्याचा हात तसाच चालू लागतो. याच रीतीने ते आपले बोलणे शिकते आणि कोणाला हसायचे हेही आपल्याकडूनच शिकते.

३. समाजाचा आरसा

काचेच्या आरशापेक्षा मोठा आरसा म्हणजे लोकांचे डोळे. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये याचे तीन टप्पे सांगितले. मी लोकांना कसा दिसतो याची मी कल्पना करतो. ते माझ्याविषयी काय मत करीत असतील याची कल्पना करतो. आणि त्यावरून मला स्वतःचा अभिमान किंवा लाज वाटते.

हा आरसाच वाकडा असेल तर काय होते? अमेरिकेत केनेथ क्लार्क व मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने ३ ते ७ वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर बाहुल्या सारख्याच होत्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला.

आपल्या देशातील दाखला याहून जवळचा आहे. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरील वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. त्यांत निम्मे तथाकथित उच्च जातींचे व निम्मे खालच्या मानलेल्या जातींचे होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोघांच्या कामगिरीत फरक नव्हता. सर्वांसमोर नाव व जात वाचून दाखवल्यावर मात्र खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले तीच, बुद्धी तीच आणि कोडीही तशीच. बदलला होता तो फक्त समोर धरलेला आरसा.

४. आरसा बदलण्याची चळवळ

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या मराठीतील पहिल्या वृत्तपत्राचे नावच 'दर्पण' होते. त्यानंतर जवळजवळ ८८ वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांना 'मूकनायक' काढावा लागला. कारण एवढ्या काळात निघालेल्या वृत्तपत्रांच्या आरशांत बहिष्कृतांचा चेहरा नीट उमटतच नव्हता. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदलायला, जातीची खूण ठरलेले दागिने टाकायला व स्वच्छ राहायला सांगितले. काहींना तो पोशाखाचा किरकोळ विषय वाटेल. परंतु लोकांनी लादलेली ओळख अंगावरून उतरवण्याचा तो धडा होता.

१६ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात याच कारणाने मोठा आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आले आणि त्यांनी येथे धम्मदीक्षा दिली. जंगलपट्टीतील गावोगावचे लोक त्यासाठी आले होते. पुढे ५१ दिवसांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या दिवशी कोणाची जमीन वाढली नाही की मजुरी वाढली नाही. पण आपला नवा जन्म होत आहे व सर्व माणसे समान आहेत, हे माणसाने स्वतःच्या तोंडाने उच्चारले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या डोळ्यांत स्वतःला पाहणाऱ्याने त्या दिवशी प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःला पाहिले.

५. राहुलाचा आरसा

मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्त अभ्यासकांनी अवश्य वाचावे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जे धम्मग्रंथ वाचावेत म्हणून सांगितले, त्यांत राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेल्या या उपदेशाचा उल्लेख आहे. भगवान बुद्ध राहुलाला विचारतात की आरसा कशासाठी असतो. राहुल सांगतो, पाहण्यासाठी. तेव्हा बुद्ध त्याला सांगतात की तसेच कायेने, वाचेने व मनाने करावयाचे प्रत्येक कर्म पुन्हा पुन्हा पाहून करावे. करण्यापूर्वी, करीत असताना व केल्यावर, अशा तिन्ही वेळी पाहावे. त्याने स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय, हे तपासावे.

हा आरसा कसा वापरावा, याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. वरोऱ्याजवळचे आनंदवन सर्वांना ठाऊक आहे. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी झाले की तळपाय बधिर होतो. काटा रुतला तरी कळत नाही, आणि न कळलेली जखम चिघळून बोटे जातात. म्हणून अशा रुग्णाला शिकवतात की रोज तळपाय तपासा. पाय वळवून दिसत नसेल तर खाली आरसा धरा. जेथे वेदना होते तेथे आरसा लागत नाही. जेथे वेदनाच उरलेली नाही, तेथेच तो लागतो.

आता पहिल्या प्रसंगाकडे या. आपल्याला कोणी हिणवले तर आपली जखम लगेच ठणकते. आपण दुसऱ्याला हिणवतो ती जागा मात्र बधिर असते. माडिया मुलाच्या बोलीला हसणे, घरातल्या मुलीच्या मार्कांचे कौतुक न करणे, उपजातीवरून नाक मुरडणे, या आपल्या तळपायाच्या जखमा आहेत. राहुलाचा आरसा तेथे धरायचा आहे.

६. आपण कोणाचा आरसा?

आपण जन्मलो त्या समाजाचा आरसा आपल्या हातात नव्हता. आपल्यापुढे उभ्या राहणाऱ्या लहान मुलासाठी मात्र आपणच आरसा आहोत, आणि तो स्वच्छ ठेवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. आमच्या वर्गात पुढे एक छोटा बदल केला. त्या मुलाला विचारले, "तुझ्या भाषेत ओळख कशी करून देतात? आम्हाला शिकव." त्याने फळ्याजवळ उभे राहून आम्हा सर्वांकडून माडियातली वाक्ये म्हणवून घेतली. आमचे उच्चार चुकले तेव्हा तो हसला, आणि या वेळी सगळा वर्ग त्याच्याबरोबर हसला.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एकटे वाढवलेले चिंपांझी स्वतःला का ओळखू शकले नसतील? आपल्या शब्दांत लिहा.

२. जात जाहीर झाल्यावर मुलांची कामगिरी घसरली. आपल्या शाळेत असा आरसा कोणत्या प्रसंगी धरला जातो?

३. आज दिवसभरात केलेले एक कर्म निवडा. करण्यापूर्वी, करताना व केल्यावर ते तपासले होते काय? उत्तर कोणाला दाखवू नये, स्वतःच वाचावे.